खाडा

भोसरीतल्या एका प्रेस शॉपच्या हेल्परची केस. मी कंपनीकडून. लेबरच्या प्रॅक्टिसमध्ये वकील एकतर युनियनचा असतो, नाहीतर मॅनेजमेंटचा. मी पहिल्यापासून मॅनेजमेंटचा, आणि त्याची लाज मला तेव्हाही नव्हती, आजही नाही.

डिसेंबर 2011 च्या शेवटी त्याला गेटवरच अडवलं. नोटीस नाही, भरपाई नाही. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 25-एफ सांगायचं की, वर्षभर काम केलेल्याला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्या, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांची भरपाई. पण वर्षभर म्हणजे आधीच्या बारा महिन्यांत 240 दिवस, आणि ते भरले हे आधी कामगाराने दाखवायचं. ह्याच्याकडे ना अपॉइंटमेंट लेटर, ना पगाराची स्लिप, ना ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड. माझी कैफियत, म्हणजे कंपनीचं लेखी उत्तर, ठरलेली: माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा, आणि 240 दिवस भरलेलेच नाहीत. नुसतं नाव बदलून अशा किती कैफियती दाखल केल्या असतील, देव जाणे.

त्याच्या वकिलाने बायकोला साक्षीला आणलं. तिने पिशवीतून 2011 चं कालनिर्णय काढलं. खिळ्याच्या भोकाभोवती गंज, कडेला तेलाचे डाग. तारखांच्या चौकटीत पेन्सिलीने ‘फ’, ‘से’ किंवा ‘ना’. फर्स्ट, सेकंड, नाइट. डबा किती वाजता करायचा ते कळावं म्हणून. मी हरकत घेतली: घरात लिहिलेला कागद, काल रात्री बसूनही लिहिता येतो. जज मॅडमनी हरकत नोंदवली आणि उलटतपास घ्या म्हणाल्या.

दोन-चार प्रश्न विचारून बसायचं होतं. पण जूनच्या पानावर तीन ठिकाणी ‘खाडा’ दिसला आणि मला वाटलं, सापडलं.

“हा दुधाचा हिशोब आहे ना बाई? दूधवाल्याचे खाडे?”

“दुधाचे खाली हायेत साहेब, ‘दू’ घालून. वरचे ह्यांचे.”

“म्हणजे तुमचे यजमान कामाला जातच नव्हते.”

“ते तीन दिवस नाही गेले. पोरगं तापानं फणफणलेलं. पगार कापला की मग. मी गेले होते विचारायला. तुमच्या टाइम ऑफिसातल्या साहेबांनी मोठं रजिस्टर उघडून दाखवलं. म्हणले, हे बघा, लाल शाईनं मांडलंय.”

टायपिस्टने ते जसंच्या तसं घेतलं. जो आमचा नव्हताच, त्याचे खाडे आमच्याच रजिस्टरात, लाल शाईने. मागच्या बाकावर आमचा एचआरवाला खोकला.

त्यांच्या वकिलाने लगेच हजेरीचं मस्टर हजर करण्याचा अर्ज दिला, सोबत यल्लाट्टी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल. कामगार शपथेवर बोलला, मस्टर मागवलं आणि मालकाने कारण नसताना ते दाबलं, तर त्यावरून कोर्ट काय समजायचं ते समजू शकतं.

जिन्यात मी एचआरवाल्याला गाठलं.

“मस्टर आहे?”

“आहे सर, पण...”

“पण राहू दे. कॅलेंडरशी जुळतं का तेवढं सांग.”

तो खाली बघत म्हणाला, “जुळतं. खाड्यांसकट.”

दोन तारखांनंतर तडजोडीची पुरशीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, झाली. त्याला परत कामावर यायचंच नव्हतं, एकरकमी पैसे हवे होते. आकडा मी जमेल तेवढा खाली आणला. त्याचीच फी घेतो.

चेक देऊन निघालो तर ती शिरस्तेदाराच्या टेबलापाशी उभी. कॅलेंडर परत पाहिजे म्हणत होती. त्यावर आता कोर्टातल्या पुराव्याचा, निशाणी 23 चा शिक्का होता. अर्ज करा, शिरस्तेदार मान वर न करता म्हणाले. तिचा वकील दुसऱ्या कोर्टात पुकारा झाला म्हणून पळाला होता.

मी बॅगेतून कागद काढला, तिथेच उभ्याने अर्ज लिहायला घेतला.

“कारण काय लिहू?”

“लिहा की, घरचं आहे.”