नवतपात तेल मोजायचं तर पहाटे पाचला

“आत्ता नाही मोजता येत, ताई. सकाळी पाचला.”

दुपारचे अडीच वाजले होते. नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनांमागे पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी होते, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात तिसरी पाण्याची बाटली. मला त्याच संध्याकाळी नाशिकला निघायचं होतं. आणि हा माणूस सांगत होता की गिअरबॉक्सचं तेल मोजायला मुहूर्त लागतो. मी चिडले. नागपूरकर उन्हाचं निमित्त करून काहीही पुढे ढकलतात हे माझं जुनं मत आहे, आणि ते मी मामांसमोर बोलूनही दाखवलं. (आता माफी मागते. निदान या एका बाबतीत.)

पण आधी रामटेक.

नागपूरच्या महाल भागातलं आजोळचं घर मामांनी अखेर विकलं. मला हवं ते घेऊन जा, म्हणाले. 2022 च्या डिसेंबरात समृद्धी शिर्डीपर्यंत सुरू झाली तेव्हापासून “आता काय, दिवसात येशील” हे पालुपद चालूच होतं. माझी रोपवाटिका आहे, कुंड्या वाहायला म्हणून पिकअप घेतलेली. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच नको म्हणून ऑटोमॅटिक. नागपुरात पिकअप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कळमना मार्केटला संत्री नेणारी गाडी येते. त्यामुळे ही गुळगुळीत, एसीवाली, गिअर बदलावे न लागणारी पिकअप बघून गल्लीतल्या पोरांनी आधी तिला हसून घेतलं. जातानाचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. सरळ रस्ता, ऊन, काचेवर किडे. सावजीबद्दलही लिहिणार नाही. ते लिहिणारे पुष्कळ आहेत.

आजोळच्या ओसरीवरची बंगई मला हवी होती. तुमच्याकडे झोपाळा म्हणत असतील, आमच्या आजीसाठी ती बंगईच. सागाची फळी, लोखंडी कड्या. सोबत जातं. सोबत एक छोटं कपाट. इथपर्यंत ठीक होतं. मग मागच्या अंगणातल्या शहाबादी फरशा दिसल्या आणि माझा लोभ सुटला. रोपवाटिकेतल्या पायवाटेला अशा झिजलेल्या फरशा विकत मिळत नाहीत. एकेक फरशी पंचवीसेक किलोची. अठ्ठावीस फरशा. हिशेब तुम्हीच करा; मी तेव्हा केला नव्हता. गाडीच्या कागदावर किती वजन चालतं हे तीन वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं. पिकअप आहे ना, मग उचलेल, एवढंच माझं यंत्रशास्त्र.

शनिवारी रात्री गाडी भरली. रविवारी सकाळी मामींना आठवलं की घर विकलं गेलं तर रामटेकला नारळ वाहायचा नवस होता. मी म्हटलं, भरलेली गाडी आहे, दुसरी करू. मामा म्हणाले, “अवं चाल ना तशीच. भरलेली गाडी उतरवतं का कोणी?” पन्नासेक किलोमीटर तर आहे. मनसरपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. नवतपा चालू होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की मेच्या शेवटाला हे नऊ दिवस येतात, आणि विदर्भात त्या दिवसांत माणसं एकमेकांना ‘कसे आहात’ऐवजी ‘किती होतं आज’ विचारतात. त्या दिवशी 45 होतं.

गडाच्या चढावर रांग लागली. सुट्ट्यांचा रविवार, वर पार्किंग भरलेलं, गाडी दहा फूट सरकायची आणि थांबायची. आता कबुली. प्रत्येक वेळी थांबल्यावर मी ब्रेक दाबला नाही. चढावर गाडी मागे सरकेल ही क्लचच्या काळातली भीती पायात मुरलेली. म्हणून मी ॲक्सिलरेटर हलकेच दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरत होते. मागच्या हौद्यात पाऊण टन दगड. एसी पूर्ण. वीस-पंचवीस मिनिटं असा खेळ चालला. मला तर वाटत होतं, काय सफाईदार चालवतेय.

मग मीटरमध्ये एक दिवा लागला, आजवर कधी न पाहिलेला. दातेरी चाक आणि त्यात थर्मामीटर. माणसाला ताप आल्यासारखं चित्र.

“काऊन थांबली?” मामा.

“तापलीय.”

“बंद कर, बंद कर आधी!”

बाजूला घेऊन मी बंद केली. ही दुसरी चूक, पण ती मला चोवीस तासांनी कळली. मामींनी नारळाची पिशवी उचलली, एकदा आमच्या दोघांकडे बघितलं आणि चालत वर निघाल्या. वय अडुसष्ट. आम्ही दोघं दगडाच्या सावलीत बसून वानरांपासून बिस्किटं वाचवत राहिलो. याच डोंगरावर कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष बसला होता असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं. त्याला निदान आषाढाचा ढग भेटला. आम्हाला आषाढाला अजून महिना होता. दीड तासाने मामी प्रसाद घेऊन खाली आल्या तोवर दिवा विझला होता. दोन नंबरच्या गिअरला धरून उतरले आणि जीव मुठीत घेऊन नागपूर गाठलं.

सोमवारी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. वेळ पुढच्या गुरुवारची, आणि “मॅडम, त्या गाडीचं गिअर ऑइल लाइफटाइम असतं, बघायची गरज नाही.” मामांच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याने वाडीच्या मिस्त्रीचा पत्ता दिला.

हा माणूस कमी बोलतो. साठीचा असावा, खांद्यावर ओला दुपट्टा, आणि शेडमध्ये भिंतीएवढा कूलर. त्याने आधी गाडी पाहिलीच नाही. हौदा पाहिला. मग माझ्याकडे.

“हे काय घेऊन रामटेक चढल्या?”

मामांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, “चालवत कोण होतं? त्याईले बोलू द्या.” इतक्या वर्षांत गॅरेजमध्ये मला थेट प्रश्न विचारणारे मिस्त्री बोटांवर मोजण्याइतके भेटले. चीड थोडी उतरली ती तिथे.

मी सगळं सांगितलं, पाय कुठे होता तेही. त्याने कोपऱ्यातले दोन टेबलफॅन आणले, समोरासमोर ठेवले, एकच चालू केला. दुसऱ्याचं पातं वाऱ्याने हळूहळू फिरायला लागलं. “इंजिन हा. चाक हा. मधात हवा आहे नं, तिथं तेल समजा.” मग त्याने दुसऱ्याचं पातं बोटाने धरून ठेवलं. पहिला फिरतच होता. “आता याची सगळी ताकद कुठं गेली?” तेलात. उष्णता होऊन. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला हा तेलाचा सांधा म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर; त्याच्याबद्दल मी आधी वाचलं होतं. त्या बोटाने जे समजलं ते वाचून समजलं नव्हतं. हायवेवर ठरावीक वेगाला आतला एक क्लच दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट बांधून टाकतो, तेलाला घुसळणं थांबतं, म्हणून मनसरपर्यंत काही झालं नाही. चढावरच्या रांगेत तो क्लच सुटलेला असतो आणि सगळं वजन तेलावर.

आणि बंद का नाही करायची? तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद तर पंप बंद, उकळतं तेल जिथल्या तिथे. पार्किंगला किंवा न्यूट्रलला टाकून, एसी बंद करून, इंजिन चालू ठेवायचं. तेल पुढच्या कूलरच्या जाळीतून फिरून थंड होतं. ती जाळीही त्याने दाखवली. रेडिएटरच्या पुढे, आणि समृद्धीवरच्या किड्यांनी, गवताच्या तुसांनी अर्धी बुजलेली. “घरच्या कूलरचं गवत दरसाल बदलता नं?” एवढंच म्हणाला. मामा दरसाल बदलतात. मला गाडीला असा कूलर असतो हेच माहीत नव्हतं.

मग तेल. गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरखाली घमेलं लावून गरमच सोडलं. नवं तेल सरबतासारखं लाल असतं. आमचं कोकमाच्या आगळापलीकडे, चहाच्या गाळाकडे गेलेलं. त्याने एक थेंब पांढऱ्या कागदावर सोडला आणि कागद मला हुंगायला दिला. करपलेल्या फोडणीचा वास, पण हलका. चेंबरमधल्या लोहचुंबकांवर काजळासारखा राखाडी लेप होता. त्याने तो दोन बोटांत चोळून पाहिला. “चुरा नाही लागत. वाचली.” तेल साधारण 80 ते 95 अंशांत सुखाने राहतं, 120 च्या वर झपाट्याने मरतं; ढोबळ हिशेब असा की दर 10 अंशांना आयुष्य निम्मं. चेंबरमधून सगळं तेल निघतही नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदला, म्हणाला. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल हवं होतं, लाल दिसतं ते कुठलंही नाही. त्या डब्यांची किंमत ऐकून मामा म्हणाले, यात घरचं तूप आलं असतं.

आता मोजणी, जिच्यावरून भांडण सुरू झालं. या गाडीला डिपस्टिक नाही. खाली एक बूच असतं. इंजिन चालू ठेवून ते काढायचं, जास्तीचं तेल वाहून जातं, उरतं ते बरोबर. पण तेल तापलं की फुगतं, म्हणून हे ठरावीक तापमानालाच करायचं. आमच्या पुस्तकात 35 ते 45 अंश.

“आता बाहेर किती आहे?”

“सेहेचाळीस,” मामा.

“मंग? गाडी फ्रीजमध्ये ठेवू का?”

जपान्यांनी, अमेरिकनांनी हे पुस्तक लिहिताना त्यांच्या मनात नागपूरची दुपार नसणार. इथे मेमध्ये गाडी चार तास सावलीत उभी केली तरी तेल त्या मर्यादेच्या वरच. फरशाही उतरवाव्या लागल्या, कारण मागून बसलेल्या गाडीत तेल तिरकं राहतं. अठ्ठावीस फरशा, संध्याकाळी सात वाजता, गोडाऊनच्या दोन हमालांनी उतरवल्या. मी नजर चुकवून उभी.

पहाटे पावणेपाचला पोचलो. रात्रीचं किमान 31 म्हणत होते. मिस्त्री अंघोळ करून आलेला, कपाळाला गंध. सपाट जागेवर लाकडी ठोकळे देऊन गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली; ती त्याने पाण्याच्या नळीने तपासली, गवंडी तपासतात तशी. त्याच्या हाताखालचा पोरगा तेलाचं तापमान दाखवणारा स्कॅनर लावून ड्रायव्हरच्या सीटवर बसला.

“बोल.”

“33.”

इंजिन सुरू. पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, प्रत्येकात जरा थांबून, परत मागे. मिस्त्री पुठ्ठ्यावर उताणा, छातीवर टॉर्च. कुठेतरी कोकीळ ओरडत होता आणि अमरावती रोडवरून ट्रकांचा एकसुरी आवाज.

“36.”

एलन कीने बूच सुटलं. काही नाही. एक थेंबही नाही. म्हणजे कमी आहे. तो न बोलता बाजूच्या बुचातून हातपंपाने तेल भरत राहिला, दहा-दहा झटके, मग थांबून वाट बघायची.

“38.”

मग लाल धार आली. टॉर्चच्या उजेडात ती अगदी काचेसारखी दिसत होती. मी गुडघ्याचं विसरून खाली वाकले. धार बारीक झाली, दोऱ्याएवढी. मामा काहीतरी बोलायला गेले तर मिस्त्रीने फक्त हात वर केला. दोरा तुटला. थेंब, थेंब. मग थेंबांमधलं अंतर वाढत गेलं, आणि तो प्रत्येक थेंब पडताना बघत होता, घाई नाही, जणू त्याला दुसरं काही कामच नाही.

“40.”

“बस.”

नवं वायसर टाकून बूच बंद. पुठ्ठ्यावरून उठला, घड्याळ बघितलं. पाच वीस. “आता तासाभरानं हे करता आलं नसतं असं नाही,” तो म्हणाला, “पण मंग मले तुमचं काम लवकर आटपवावं लागलं असतं.” मजुरी मी मनात धरली होती त्याच्या निम्मी सांगितली. मी जास्त देऊ लागले तर म्हणाला, चहा पाजा. चहा पाजला. तर्री पोहे त्याने नाकारले, सकाळी सकाळी तिखट नको म्हणून. नागपुरातला असा पहिलाच माणूस मी पाहिला.

बंगई, जातं आणि कपाट घेऊन निघाले. फरशा तिथूनच ट्रान्सपोर्टला दिल्या; भाडं नव्या फरशांच्या किमतीजवळ गेलं, हे घरी अजून सांगितलेलं नाही. फोनवर तेलाचं तापमान दिसेल असं छोटं यंत्र त्याच पोराने लावून दिलं. सिन्नरपर्यंत आकडा 93 च्या वर गेला नाही. मी रस्ता कमी आणि आकडाच जास्त बघत होते, हे काही बरोबर नाही. मामांचे दर दोन तासांनी फोन: “किती होतं?” हवामान नव्हे, गिअरबॉक्स.

फरशा नऊ दिवसांनी आल्या. दोन फुटलेल्या. त्या बंगईखाली बसवल्यात. पायाने रेटा द्यायला फुटकी कडा बरी पडते.