तार आत जात राहिली

"पंप बदलायचा ठराव घ्यायचाय साहेब. तुम्ही येऊन फक्त 'खराब आहे' एवढं लिहून द्या." वाळवा तालुक्यातल्या एका उपसा जलसिंचन संस्थेच्या सचिवांनी फोनवर एवढंच सांगितलं. मे महिना, उसाला पाण्याची पाळी लांबलेली, त्यामुळे सभासद रोज ऑफिसात येऊन भांडत होते. यंत्राला नावं ठेवायला याहून सोयीची वेळ नसते.

पंपहाउस दुसऱ्या टप्प्याचं. नदीवरून आलेलं पाणी हौदात पडतं आणि तिथून दोन पंप ते वरच्या माळाला चढवतात. एक नंबरचा पंप स्प्लिट केसिंगचा, ११० किलोवॉटची मोटर, मिनिटाला १४८० फेरे. बसवून वर्षही झालं नव्हतं. तेवढ्यात त्याची बेअरिंग बदलून झाली होती, इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं चाक, बाहेर काढून बॅलन्स करून आणला होता, अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि पंपाचे दांडे एका रेषेत आणणं, तर कितीदा केली याचा हिशोबच नव्हता. प्रत्येक वेळी चार-आठ दिवस बरे जायचे आणि परत थरथर सुरू.

पंप चालू करायला सांगितला आणि व्हायब्रेशन मीटर बेअरिंगवर आडवा धरला. सेकंदाला ९.२ मि.मी. या मापाच्या पंपाला आकडा साडेचारच्या वर गेला की मी तो चालवायचा सल्ला देत नाही. आता इथवर सगळेच येतात, आणि बेअरिंगवर आकडा मोठा दिसला की दोष बेअरिंगचा, असं धरून चालतात. मी मीटर तसाच खाली आणत गेलो. पंपाच्या पायावर ८ च्या आसपास. त्याखालच्या लोखंडी बेसप्लेटवर साडेसहा. आणि प्लेटच्या खाली, जेमतेम चार बोटांवर, काँक्रीटवर ०.६.

म्हणजे प्लेट नाचत होती आणि तिला धरून ठेवणारा पाया ढिम्म होता. दोघांच्या मधे काहीतरी सुटलं होतं.

सचिवांना पायाचाच संशय होता. "लहान झालाय का हो?" टेप लावला. ३.२ मीटर लांब, १.५ रुंद, १.२ खोल. काँक्रीट घनमीटरला २.४ टन धरलं तर जवळपास १४ टन. वरचा पंप, मोटर आणि प्लेट मिळून अडीच टन. सेंट्रिफ्युगल पंपाला यंत्राच्या तिप्पट वजनाचा पाया चालतो, इथे तर पाचपटीहून जास्त होता. ज्याने काँक्रीट ओतलं त्याचं काम चोख होतं.

ऑपरेटर तात्यांना म्हटलं, बादलीभर साबणाचं पाणी आणा. पंप चालू ठेवूनच ते प्लेटच्या कडेने, जिथे लोखंड आणि सिमेंट भेटतं त्या रेघेवर ओतलं. मोटरकडच्या कोपऱ्यात बुडबुडे यायला लागले. येत होते आणि आत ओढले जात होते. तात्या उकिडवे बसून बघत राहिले. "आयला, हे श्वास घेतंय की!"

पंप बंद करून हातोडीने प्लेट वाजवत गेलो. कडेला आवाज भरीव, मधे रिकाम्या डब्यासारखा. प्लेट आणि पाया यांच्या मधली फट ज्याने भरतात ते ग्राउट ओतायला प्लेटच्या मधोमध चार इंची भोक असतं. ते इथेही होतं, पण त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून ऑइलपेंट मारलेला. पेंट खरवडून पत्रा उचलला आणि बाइंडिंगची तार वाकवून आत सारली. तार आत जात राहिली. वीतभर गेली, हातभर गेली, कुठेच अडली नाही. टॉर्च मारला तर खाली काँक्रीटचा गुळगुळीत पृष्ठभाग दिसला, थापीचे फराटे तसेच. टाचा मारलेला नव्हता. वर आलेली सिमेंटची साय छिन्नीने उडवून खडी उघडी केल्याशिवाय त्यावर काहीही नीट चिकटत नाही, आणि इथे तर चिकटायलाही काही नव्हतं.

तात्यांना सगळं आठवत होतं. "गवंड्यानं वाळू-सिमेंट कालवलं आणि चारी बाजूंनी थापीनं कोंबलं. मग कडा घोटल्या. लई झ्याक दिसत होतं." नॉन-श्रिंक, म्हणजे सुकताना न आकसणारं, ग्राउट पातळ कालवून एकाच बाजूने ओतत राहायचं असतं, म्हणजे ते पुढे सरकताना हवा दुसऱ्या बाजूने ढकलून देतं. चारी बाजूंनी कोंबलं की हवेला वाट राहत नाही. पंपाच्या कामात ग्राउटिंग हे सगळ्यात स्वस्त काम, आणि नेमकं त्याच वेळी साइटवर कुणी थांबत नाही. पंप आला तेव्हा नारळ फोडायला अख्खं संचालक मंडळ हजर होतं म्हणे.

खरं तर प्लेट उचलून, टाचा मारून नव्यानं ग्राउट करायला हवं होतं. पण मे महिन्यात एवढे दिवस पंप बंद ठेवा म्हणणाऱ्याला तिथे चहासुद्धा मिळाला नसता. मग ठरलं की आत्ता पोकळी इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होऊन चिकटून बसणाऱ्या रेझिनने, भरायची आणि पावसाळ्यात पंप थांबले की रीतसर काम करायचं.

इपॉक्सीला ऊन चालत नाही, डब्यातच तापून दगड होतं. डबे रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच काम सुरू केलं. कोपऱ्यांत हवा निघायला भोकं पाडली, कॉम्प्रेसरने आतली धूळ उडवली आणि मधल्या भोकातून नरसाळ्याने ग्राउट सोडलं. कडेच्या फटींत पातळ रेझिन ग्रीसगनने भरायचं होतं, आणि धोका तिथेच असतो. दाब जास्त झाला तर प्लेटच वर उचलली जाते. म्हणून प्लेटच्या काठावर बारीक हालचाल दाखवणारा डायल लावला आणि तात्यांना काट्यावर बसवलं. दोन रेघा हलला की ओरडायचं. एका कोपऱ्यात ते असे ओरडले की गन मारणाऱ्या पोराच्या हातून गनच पडली. बाकी भोकांतून रेझिन वर आलं तसतशी ती बंद करत गेलो.

दुसऱ्या दिवशी बोल्ट कसले, पाइपचे फ्लँज, म्हणजे बोल्टचे जोड, मोकळे करून ताण नाही ना ते पाहिलं, अलाइनमेंट घेतली. पंप चालू केल्यावर बेअरिंगवर २.४, प्लेटवर १.१.

सचिव ठरावाची वही घेऊनच आले होते. आकडा बघून त्यांनी ती मिटली. चेअरमन मात्र शेजारच्या दोन नंबरकडे बघत होते. "तो पण त्याच गवंड्यानं बसवलाय," ते म्हणाले. त्याच्याही प्लेटवर मधोमध पत्रा होता, पेंट मारलेला. खरवडला, तार सारली. आत गेली.

"मग हा कधी बंद करायचा, साहेब?"

"एक नंबर आठवडाभर नीट चालू दे," मी म्हटलं, "मग पाळी बघून सांगा." तात्या डबे धुवायला घेऊन गेले होते, त्यांना ओरडून सांगितलं, पोती टाकू नका.