चीर भरली, तरी छाती का दुखते?

हृदयाच्या धमनीला आपोआप चीर पडते, त्याला डॉक्टर ‘स्कॅड’ म्हणतात. होतो तो बहुतेक करून बायकांनाच, आणि बहुधा चाळिशी-पन्नाशीत. स्टेंट न घालताही चीर बऱ्याचदा काही आठवड्यांत-महिन्यांत भरते. छातीतलं दुखणं मात्र कितीतरी जणींच्या मागे राहतं, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हणून त्यांची बोळवण होते. हे चूक आहे. साध्या अँजिओग्राफीत अगदी बारीक रक्तवाहिन्या दिसत नाहीत, धमनीला येऊन गेलेला पेटकाही दिसत नाही.

म्हणून आधी एक वही करा. केव्हा दुखलं, काय करताना, पाळीचा कितवा दिवस, गोळीने किती मिनिटांत थांबलं. पहाटे झोपेत दुखत असेल तर धमनीला पेटका येत असावा. तिथे डिल्टियाझेम किंवा अ‍ॅम्लोडिपिन ही धमनी सैल करणारी औषधं कामाला येतात. पणजीतल्या आल्तिनोचा चढ चढताना दुखलं आणि थांबल्यावरही बराच वेळ रेंगाळलं, तर संशय बारीक वाहिन्यांवर. पाळीच्या तोंडावरच दुखत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, डोस त्याप्रमाणे बदलता येतो. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आणि बीपी आटोक्यात ठेवणारं औषध, पुन्हा चीर पडू नये म्हणून देतात. ते मनाने सोडू नका.

नायट्रेटने, म्हणजे सॉर्बिट्रेटसारख्या छातीदुखीच्या गोळीने, डोकं ठणकतं, आणि यातल्या अनेकींना अर्धशिशी आधीचीच. नायट्रेट रोजचं असेल तर दिवसातले 10-12 तास त्याविना जायला हवेत, नाहीतर गुण येईनासा होतो. बीपी मुळात कमी असेल तर रॅनोलाझिन हे छातीदुखीचं दुसरं औषध बरं, ते बीपी फारसं उतरवत नाही. आधी ईसीजी मात्र हवा. ग्रेपफ्रूट त्यावर चालत नाही. त्याच्याच जातीचं पपनसही टाळा, चवथीला माटोळीतलं (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छतातलं) प्रसाद म्हणून हातात आलं तरी.

अचानक जोरात दुखलं तर खाली बसा, डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेट 5 मिलिग्रॅम जिभेखाली ठेवा. उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडायला होतं. 5 मिनिटांत उतार नाही, किंवा घाम फुटला, तर 108. स्कॅड झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात तर थांबूच नका, चीर वाढत असू शकते.

आणि हे नीट वाचा. हार्ट अटॅकवर लगेच उपचार देणाऱ्या ‘स्टेमी गोवा’ या सरकारी योजनेत गावच्या आरोग्य केंद्रातही ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. नेहमीच्या हार्ट अटॅकमध्ये ते जीव वाचवतं; स्कॅडमध्ये धमनीच्या भिंतीतला रक्तस्राव वाढून चीर लांबू शकते. तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच ‘मला आधी स्कॅड झालाय’ असं सांगा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा, झेरॉक्स पर्समध्ये, आणि ती कुठल्या कप्प्यात आहे ते घरच्यांना दाखवून ठेवा.