आपियन रस्त्याखाली

रोमला जाणारे बहुतेक जण व्हॅटिकन आणि कलोसियममध्येच दमून जातात. मी एक सकाळ मुद्दाम राखून ठेवली होती, शहराच्या वेशीबाहेर आपियन या प्राचीन रस्त्यालगत असलेल्या सान कॅलिस्टोच्या भुयारांसाठी, म्हणजे जुन्या ख्रिस्ती दफनभूमीसाठी. गाइडशिवाय खाली सोडत नाहीत आणि फोटोही काढू देत नाहीत, ते एका अर्थी बरंच.

रोमन सत्तेकडून छळ होत असताना ख्रिस्ती लोक इथे लपून राहत, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. खाली उतरल्यावर ती पटेनाशी होते. वाटा अरुंद, दोन्ही भिंतींत एकावर एक प्रेतं ठेवायचे कोनाडे, हवा दमट. इथे संसार कोण थाटणार? शिवाय सरकारला ही ठिकाणं पक्की ठाऊक होती. सम्राट व्हलेरियनने २५७ साली ख्रिस्त्यांना त्यांच्या दफनभूमीत जायलाच बंदी केली आणि पुढच्या वर्षी ६ ऑगस्टला पोप दुसरा सिक्स्टस दफनभूमीतच मारला गेला, चार डीकनांसह, म्हणजे चर्चच्या सेवकांसह.

खरं कारण साधं आहे. रोमन कायद्याने शहराच्या हद्दीत अंत्यविधीला मनाई होती. पुनरुत्थानाची आशा बाळगणाऱ्यांना दहन नको होतं आणि जमीन महाग. मग खालीच खणत जायचं. इथला टुफा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा खडक, खणताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. बेसॉल्टशी झुंजणाऱ्या आपल्या लेणी कोरणाऱ्यांनी हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता!

तिसऱ्या शतकातले नऊ पोप जिथे पुरले होते, ती खोली १८५४ साली पुरातत्त्वज्ञ जोव्हानी बत्तिस्ता दे रोस्सी यांनी शोधून काढली. भव्य वगैरे काही नाही. शिळांवर नाव आणि पद, तेही ग्रीकमध्ये. रोमच्या चर्चमध्ये तेव्हा ग्रीकच चाले. त्यातल्या फाबियनचा छळात बळी गेला, २५० साली.

मला मात्र ओढ होती ती ज्याच्या नावाने ही जागा ओळखली जाते त्या कॅलिक्स्टसची. हा मूळचा गुलाम. मालकाने सोपवलेली पेढी बुडवली, पळाला, सापडला, पुढे शिक्षा म्हणून सार्डिनिया बेटावरच्या खाणीत गेला. ही हकीकत सांगतो हिप्पोलिटस, रोममधलाच एक धर्मपंडित आणि त्याचा कट्टर विरोधक, त्यामुळे मीठमिरची धरूनच वाचावी. पण सुटून आल्यावर पोप झेफिरिनसने या दफनभूमीचा कारभार त्याच्याकडे दिला आणि त्याच्यामागून २१७च्या सुमारास हा गुलाम स्वतः पोप झाला, हे खरं. पापांची क्षमा देण्यात तो फार सैल आहे, अशी हिप्पोलिटसची तक्रार होती. खाणीतून आलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

गंमत म्हणजे त्याची कबर इथे नाहीच. त्याला शहराच्या दुसऱ्या बाजूला, ऑरेलियन रस्त्यावर पुरलं.

जाणार असाल तर बुधवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. आणि भर उन्हाळ्यातही सोबत एक स्वेटर ठेवा.