हाफ क्लच

बेळगावात गाडी शिकवताना माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. त्या दिवशी तो ब्रेक नसता तर काय झालं असतं, हे आठवून अजून पोटात गोळा येतो.

काकू अंगणवाडी सेविका, खानापूरकडून यायच्या. माझी पद्धत ठरलेली. आधी बंद गाडीत गिअर, मग नुसता क्लच, मग रेस, मग हँडब्रेक. एकेक गोष्ट त्यांना छान जमत होती. नवव्या दिवशी कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर गाड्या थांबल्या. आमच्यामागे भाजीचा टेम्पो. पुढची गाडी हलली तशी काकूंनी ब्रेकवरचा पाय काढून रेस दिली, पण क्लच दाबलेलाच. इंजिन ओरडलं आणि गाडी उलटी निघाली.

"सर, मागं जातेय की ओ!"

मी ब्रेक दाबला. टेम्पो हातभर अंतरावर होता. काकूंचे हात थरथरत होते.

चूक माझी होती. चढावर क्लच सोडत हाफ क्लचला, म्हणजे अर्धवट सुटलेल्या जागी, आणला की इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलतं. ती खूण मिळाली की उजव्या पायानं रेस द्यायची, हातानं हँडब्रेक सोडायचा. तिन्ही गोष्टी मी इतक्या सुट्या करून शिकवल्या की ती खूण काकूंना कधी ऐकूच आली नव्हती. नेलर आणि ब्रिग्ज या संशोधकांनी १९६३ मध्येच दाखवलं होतं की भाग एकमेकांत गुंतलेले असतील तर अख्ख्या कामाचा सराव सरस ठरतो. सुटे असतील तर अवघड कामात तुकड्यांचा. आरसे लावणं, गिअरच्या जागा हे बंद गाडीत खुशाल शिकवावं. क्लच आणि रेसची ताटातूट करू नये.

मग मी काम तोडायचं सोडून सोपं करायला लागलो. आधी सपाट मैदानावर रेस न देता फक्त क्लचवर गाडी सरपटवायची, नंतर बेताचा चढ, मग पूल. दर वेळी पाय, हात, कान सगळे एकत्र.

पुढे भातलावणीमुळे काकू महिनाभर आल्या नाहीत. परतल्या तेव्हा चावी फिरवण्याआधी न्यूट्रल बघायचं विसरल्या. असं बरेचदा होतं, पायऱ्यांचा क्रम लवकर पुसला जातो. पुलावर मात्र त्यांनी हँडब्रेक ओढला, आवाज जड होईपर्यंत थांबल्या, मग सोडला. माझा पाय ब्रेकवर तयार होता. दाबावा लागला नाही.