भाड्याच्या फ्लॅटचे नूतनीकरण आणि आयकर : माझा अनुभव

नेरूळचा आमचा फ्लॅट भाडेकरूने सोडल्यावर कामाला काढला: संडास-बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, नव्या लाद्या, संपूर्ण कन्सील्ड वायरिंग, रंग. खर्च 3,80,000 रुपये. रिटर्न भरताना मात्र यातला एक रुपयाही भाड्यातून थेट वजा होत नाही. घरभाड्याच्या उत्पन्नात दुरुस्तीसाठी सरसकट 30 टक्के वजावट असते. खर्च शून्य असो वा चार लाख, आकडा तोच. सोसायटीचा मेंटेनन्सही त्यातच धरलेला.

आमचा हिशेब असा झाला. काम चालू असताना फ्लॅट रिकामा, म्हणून 28,000 प्रमाणे दहा महिन्यांचे भाडे 2,80,000. महापालिकेचा मालमत्ता कर 10,000 वजा. तो मालकाने त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेला लागतो. नुसते बिल आलेले चालत नाही. उरले 2,70,000, त्याचे 30 टक्के 81,000, करपात्र 1,89,000. रिकाम्या महिन्यांचा पुरावा म्हणून जुन्या आणि नव्या, दोन्ही लीव्ह अँड लायसन्स करारांच्या प्रती ठेवल्या.

दुरुस्तीसाठी कर्ज काढले असेल तर त्याचे व्याज वेगळे वजा होते, मुद्दल नाही. इथेच बहुतेकांचे अडते. पर्सनल लोनची रक्कम घरखर्चाच्या खात्यात मिसळली की ती फ्लॅटवरच खर्च झाली हे दाखवणे कठीण जाते. आम्ही कर्जाच्या खात्यातूनच कंत्राटदाराला एनईएफटी केले आणि बँकेकडून व्याजाचा दाखला घेतला. व्याजामुळे तोटा दिसला, तर जुन्या करप्रणालीत वर्षाला 2 लाखांपर्यंतच तो पगारातून वळता होतो; नव्या प्रणालीत अजिबात नाही.

कर्ज नसेल तर खर्चाचा उपयोग विक्रीच्या वेळी. घरात कायमची भर घालणारे काम, म्हणजे आमच्याकडे नवे वायरिंग, सुधारणा-खर्च म्हणून भांडवली नफ्यातून, म्हणजे घर विकून झालेल्या नफ्यातून, वजा मागता येते. रंग आणि किरकोळ डागडुजी नाही. एसी, सुटे फर्निचरही नाही. लाद्या बदलण्यावर वाद होऊ शकतो, म्हणून कंत्राटदाराकडून एकठोक बिल घेऊ नका. कामागणिक वेगळी रक्कम, त्याचा पॅन, फ्लॅटचा पूर्ण पत्ता बिलावर हवाच. सोबत सोसायटीचे परवानगीपत्र आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो. रोखीने दिलेल्या मजुरीची सहीची पावती त्याच दिवशी घ्या; विक्रीपर्यंत कंत्राटदाराचा फोनही लागत नाही.

23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराच्या विक्रीतल्या नफ्यावर निवासी व्यक्तीला 12.5 टक्के किंवा महागाई निर्देशांकासह (म्हणजे मूळ खर्च महागाईप्रमाणे वाढवून धरून) 20 टक्के, यांत कमी पडेल तो कर लागतो. निर्देशांक सुधारणा-खर्चालाही, तो केला त्या वर्षापासून मिळतो. त्यामुळे बिलावरची तारीख पुसट नको.