तुम्ही विचारलंत म्हणून: चार जीव आणि एक बकरी

नागपूर-पुण्याहून सुट्टीत आलेली पोरं एकदा तरी विचारतातच, "भाऊ, तुम्ही आम्हाला पहिल्याच दिवशी तलवारबाज नाहीतर जादूगार का होऊ देत नाही? मुद्दाम गुराखी आणि कुंभार का खेळायला लावता?"

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण समोर काय दिसतंय ते सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात. अडलं की फासे. गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली आला, तिथून हा प्रकार सुरू झाला. त्याच्याच 1981 च्या 'बेसिक' पुस्तकातला नवा जादूगार बघा: चार बाजूंच्या फाशावर पडतील तेवढे एचपी, म्हणजे किती मार झेलता येईल तो आकडा, संपला की पात्र मेलं; आणि दिवसाला एक मंत्र. बैलानं माशी हाकलताना शिंग लावलं तरी खलास.

मी खेळवतो तो 2012 चा 'डंजन क्रॉल क्लासिक्स'. यात सुरुवात पहिल्या लेव्हललाही नाही, शून्यावर. प्रत्येकाला तीन-चार गावकरी मिळतात. ताकद, बुद्धी असले गुण फाशांनी ठरतात, मागेपुढे करायचे नाहीत. धंदासुद्धा फासाच ठरवतो. एचपी एक ते चार. वाचला तो पहिल्या लेव्हलला जातो आणि मग काय व्हायचं ते निवडतो. याला 'फनेल', म्हणजे नरसाळं, म्हणतात. मी आधी त्याला तिफणीचं चाडं म्हणायचो, पण चाड्यातून सगळंच बी खाली उतरतं. इथं चारातलं एक उतरलं तरी नशीब.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत, युरियाच्या पोत्यांना टेकून आम्ही बसतो. वीस बाजूंचा फासा उंदरानं नेला की पोत्यांखाली गेला, कोण जाणे. तेव्हापासून लोट्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या.

गेल्या हिवाळ्यात लाईनमन भाऊ, शाळेतले मास्तर आणि माझा भाचा असे तिघं होते. मी सांगितलं, पडक्या गढीखाली पायऱ्या उतरतात, सगळ्यांवर धूळ आहे, फक्त सहावी साफ आहे. मोठ्या लेव्हलचा खेळाडू इथं म्हणतो, "मी सापळा शोधतो," आणि फासा टाकतो. त्याच्या पात्राच्या कागदावर तसं लिहिलेलंच असतं. यांच्या कागदावर होतं काय? सब्बल, दोर, बकरी.

लाईनमन भाऊ पुढं सरकला. "धूळ काऊन नाही बे तिथं?"

कुणी बोलेना. मास्तर म्हणाले, आधी बकरी सोडू. भाचा उसळला, "माही बकरी नाही जात!" खेळातली बकरी, पण पोरगं खरंच रागावलं होतं. शेवटी लाईनमन भाऊनं सब्बल घेतली आणि रात्रीच्या लाईनीवर ओलिताला जाताना आपण धुऱ्यावर काठी आपटत जातो तसा एकेक पायरी ठोकत निघाला. सहावी डुलली. ती ओलांडून तिघं खाली गेले. परतताना मास्तर वरून मोजत राहिले. खालून ती चौथी होती. दहा फूट खड्डा, सहा बाजूंचा एक फासा. पाच पडले. मास्तरांच्या कुंभाराचे एचपी होते तीन.

गणिताचे मास्तर, आणि मोजण्यात गेले! त्यावर आम्ही महिनाभर हसलो, पण त्या वेळी खोलीत शांतता होती.

मला हवं असतं ते हेच. कागद रिकामा असला की माणूस कागदात डोकं घालत नाही, समोर बघतो. शिवाय जो वाचतो त्याची कथा मी आधी लिहून ठेवलेली नसते. पाच पानी पूर्वकथा घेऊन येणारा वीर मला तरी झेपत नाही. त्याचं सगळं आधीच होऊन गेलेलं असतं. पात्रं मरतात, पोरं चिडतात, एखादा पुन्हा येत नाही, हेही खरं. ज्याला दिवसभर शेतातच राबायचंय त्याला रात्री पुन्हा शेतमजूर कशाला, असं एकानं मला तोंडावर सुनावलं होतं. त्याला मी सरळ तलवार दिली.

भाच्याचे तीन जीव गेले, गुराखी तेवढा उरला. मी म्हटलं, "आता पहिली लेव्हल. योद्धा, चोर, जादूगार, काय होतोस?"

त्यानं बराच वेळ कागद उलटापालटा केला.

"मामा, योद्धा झालो तर बकरी कोन चारन?"